इराची डिरेक्टरी

पुसायला बसण्याआधी मी हात जोडत असे. मुजावर हसायचा. "शुभदाताई, नमस्कार मशीनला करताय की माणसाला?" मी म्हणायची, "ज्याचा त्याला पोचतो."

सलीम मुजावर मिरजेच्या पदसेतू केंद्रात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. पुसण्याचं काम दोघांनी मिळून करायचं असा नियम होता. एकानं यादीतला नंबर वाचायचा, दुसऱ्यानं टाइप करायचा. तो वाचे, मी टाइप करी. अकरा वर्षं आम्ही असे शेजारी शेजारी बसलो, पण माझ्या उपासाच्या दिवशी त्यानं कधी माझ्यासमोर डबा उघडला नाही.

त्या दिवशी ललितापंचमी होती. नवरात्रात मी चप्पल घालत नाही आणि सर्व्हरच्या खोलीतली फरशी पाय बधिर होतील इतकी गार असते, म्हणून त्यानं कुठूनसा एक पुठ्ठा आणून माझ्या पायाखाली सरकवला. पूजा, पोथीचा अध्याय आणि तुळशीला पाणी आटोपून मी पावणेनऊला जागेवर होते. यादीत दोनशे बारा नंबर होते.

पदसेतू म्हणजे काय ते आता बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगते. पाठीचा कणा मोडला की मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. मेंदू शाबूत असतो, पाय शाबूत असतात, मधला रस्ता तुटलेला असतो. म्हणून मेंदूवर सुपारीएवढी एक चकती बसवतात आणि कमरेला एक पट्टा. चकती निरोप ऐकते, पट्टा तो पायांच्या नसांना देतो. पण निरोप जसाच्या तसा देऊन भागत नाही. प्रत्येकाचा मेंदू आपापल्या बोलीत बोलतो, त्याचा अर्थ लावणारी शिकवलेली फाईल लागते. चालण्याची एक, उभं राहण्याची एक, बसल्या जागेवरून उठण्याची एक. पायऱ्या चढण्याची, धावण्याची, उकिडवं बसण्याची वेगळी. अशा चाळीसेक फाईली मिळून एका माणसाची डिरेक्टरी होते. या फाईली पट्ट्यात मावत नाहीत. त्या केंद्राच्या मशीनवर राहतात आणि तिथून गावोगावचे पाय हलवतात. त्या शिकवता येतात एकदाच, अपघातानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत, मेंदूला आपली जुनी चाल आठवत असते तोवर. पुढे मेंदू ती विसरतो आणि मग फाईलीला शिकवणारं कुणी उरत नाही.

चालीवरून माणूस ओळखता येतो. मध्यंतरी चाली चोरून विकणारेही निघाले. तेव्हापासून कायदा आला की माणूस गेला किंवा त्यानं सेतू सोडला, की त्याची डिरेक्टरी सगळ्या प्रतींसकट पुसायची. दोन वर्षं ज्या नंबरचं नूतनीकरण झालं नाही, तो नंबर यादीत येई. आम्हाला नाव दिसत नसे. तेही कायद्यानंच.

पुसण्याची कमांड अगदी लहान असते. काळ्या पडद्यावर आर-एम अशी दोन अक्षरं, आतलं सगळं घेऊन जा असं सांगणारी एक खूण आणि पुढे नंबर. खरंच पुसू का, असं विचारणारी चौकट तिथे येत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर असते तशी कचऱ्याची टोपलीही नसते. एंटर दाबलं की मशीन एक शब्द न बोलता पुढची ओळ देतं. काही न बोलणं हेच त्याचं 'झालं' म्हणणं.

"सगळे नंबर एका ओळीत घालू का?" मुजावरनं विचारलं. "पाच सेकंदांत काम खलास. घरी जाऊन वरीचे तांदूळ खा निवांत."

"नको. एकेक वाच."

मी एकेक करूनच पुसत असे. या प्रत्येक नंबरावर कुणीतरी कधीतरी पुन्हा पहिलं पाऊल टाकलं होतं. एंटर दाबताना मी मनात म्हणत असे, चाललात तेवढं पुष्कळ झालं, आता विसावा घ्या. त्या दिवशी दोनशे बारा वेळा म्हटलं. सव्वादहाला संपलं. मग कोल्हापूरच्या केंद्रातल्या प्रती पुसल्या आणि दोन्हीकडे मोकळ्या झालेल्या जागेत शून्यं भरली. माझ्या हातून काम अर्धवट राहत नाही, अशी माझी केंद्रात ख्याती होती.

बाराला दहा कमी असताना सुनेचा फोन आला.

माझी सून भूमी अभिलेखात मोजणीला आहे. सोळाव्या वर्षी स्कूटर घसरून तिचा कणा मोडला आणि सतराव्या वर्षी ती आमच्याच केंद्रात पदसेतूवर उभी राहिली. निषादनं, माझ्या मुलानं, तिला पहिल्यांदा पाहिलं तेही इथेच, माझा डबा द्यायला आला होता तेव्हा. त्या दिवशी ती बेडगला कुणा तातोबांच्या शेतावर मोजणीला गेली होती.

"आई, केंद्रात काही चाललंय का हो?"

"का गं?"

"बांध चढता येईना. सपाटीला मस्त चालतेय. सकाळी एकदा चढलेही. आता पाय टाकायला गेले की पाय विचारतो, कोण तुम्ही? तातोबा हसायला लागलेत. त्यांना वाटतंय, सरकारी माणूस बांध बघूनच दमला."

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, "न्हाई वं बाई, मी कुटं हसलो?"

"थांब, बघते," मी म्हटलं. सेवेसाठी स्वतः माणसानं फोन केला की त्याचं नाव उघडायची परवानगी असते. मी तिचं नाव टाइप केलं, मैत्रेयी निषाद मिराशी. पडद्यावर ते लाल अक्षरांत आलं. नावापुढे एक बाण होता आणि बाणापुढे नंबर, एकशे सदतीस.

मी एकशे सदतीस नंबर उघडायला सांगितला. मशीन म्हणालं, अशी डिरेक्टरी नाही.

"मुजावर," मी म्हटलं, "सकाळच्या यादीत बघ. एकशे सदतीस."

त्यानं कागदावरून बोट फिरवलं. बोट वरच, अकराव्या ओळीवर थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कागद उलटा करून ठेवला.

तिचं माहेरचं नाव इरा चौगुले. इरा हे नाव मला आखूड वाटायचं, हाक मारायच्या आधीच संपणारं. आमच्याकडे लग्न लागून सून घरात आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि मुलगा अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहितो. मैत्रेयी हे नाव मी शोधलं होतं. इरा हसून म्हणाली होती, "बदला की. दोन नावं म्हणजे दोन साड्या." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "केंद्रात मात्र इराच राहू दे हं, आई. त्या नावानं मी चालायला शिकलेय."

मी मान हलवली. पण हौस माझी! नाव बदलण्याचा रीतसर अर्ज केला असता तर महिना गेला असता. त्यात सगळ्या फाईली नव्या नावाखाली हलवतात, तपासतात, मग जुनं नाव बंद करतात. मी निषादच्या लॅपटॉपवरून केंद्रात शिरले आणि एक लिंक केली. लिंक म्हणजे नुसता बाण. नव्या नावाकडे कुणी आलं की बाण त्याला जुन्या डिरेक्टरीकडे पाठवतो. आत काहीही नसतं. इकडे तांदळात 'यी' पूर्ण झाला आणि तिकडे तिच्या पट्ट्याच्या पडद्यावर 'मैत्रेयी' उमटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी साखर वाटली. इरानं पट्ट्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून हसली. ती कशी हसली होती ते आता मला आठवतं. तेव्हा मी साखरेच्या गडबडीत होते.

अर्ज नंतर करू म्हटलं आणि राहून गेला. चालत तर होती! दोन वर्षं नूतनीकरण मैत्रेयीच्या नावानं झालं. इराच्या नंबराचं झालं नाही, म्हणून तो यादीत आला. यादी करणारा प्रोग्रॅम नावं जुळवतो, बाणाच्या मागे जात नाही. सकाळी एकशे सदतीसवर एंटर दाबताना मीच म्हटलं होतं, आता विसावा घ्या.

"ताई," मुजावर म्हणाला, "मग ती चालतेय कशावर?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

सार्वजनिक वाचनालयात कुणी टेबलाशी पुस्तक वाचत बसलंय, आणि तिकडे ग्रंथपालानं रजिस्टरमधून त्या पुस्तकाचं नाव खोडलं, तर वाचणाऱ्याच्या हातातलं पुस्तक नाहीसं होत नाही. तो वाचत राहतो. पुस्तक खाली ठेवून उठला, की मात्र ते गेलं. आमच्या मशीनचं असंच आहे. आर-एम फक्त नाव खोडतं. चालू असलेल्या प्रोग्रॅमनं एखादी फाईल उघडी धरलेली असेल, तर तो सोडेपर्यंत ती जिवंत असते. मोकळ्या जागेत मी भरलेली शून्यंही तिला शिवत नाहीत, कारण ती जागा अजून मोकळी झालेली नसते.

आम्ही इराच्या प्रोग्रॅमच्या हातात काय काय आहे ते पाहिलं. दोनच फाईली होत्या. चालणं. उभं राहणं. दोन्हींच्या पुढे लिहिलं होतं, 'पुसलेली'.

बाकीच्या अडतीस गेल्या होत्या. एखादी हालचाल पाच मिनिटं झाली नाही की प्रोग्रॅम तिची फाईल बंद करतो. मोजणीवाली बाई सकाळपासून चालत होती आणि काठी धरून उभी राहत होती, म्हणून त्या दोन उरल्या. जेवायला अर्धा तास बसली असती तर त्याही गेल्या असत्या. आणि बॅटरी बदलायला पट्टा काढला की प्रोग्रॅम बंद पडून सगळंच जाणार होतं.

चालू प्रोग्रॅमच्या हातातून फाईल उतरवून घेता येते. मुजावरनं हिशेब केला. पावलांच्या मधल्या फटींतून वाचायचं, म्हणजे एका फाईलीला तीन तास पन्नास मिनिटं. पट्ट्याची बॅटरी पावणेपाचपर्यंत. दोन फाईली एकदम वाचू लागलो तर पावलं अडखळतील.

"एकच," तो म्हणाला.

डॉक्टर कागवाडे, आमचे प्रमुख, तोवर येऊन मागे उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. "परवानगी आहे. सुरू करा. पण मॅडम, तिला कारण सांगू नका. माणूस घाबरला की चाल बदलते आणि फाईल नेमकी तीच चाल शिकत बसते."

मी फोन उचलला. माझा आवाज मुळात हळू आहे. तो आणखी हळू झाला असावा, कारण ती दोनदा "काय?" म्हणाली.

"मैत्रेयी, बसू नकोस. कुठेही टेकू नकोस. बसलीस तर उठता येणार नाही."

"आई, झालंय काय?"

"मशीनचा दोष आहे. तुझ्या दोनच फाईली उरल्यात, चालण्याची आणि उभं राहण्याची. त्यातली एकच वाचवता येईल. कुठली वाचवू?"

फोनमध्ये वारा वाजत होता.

"हा काय प्रश्न आहे, आई?"

"मला माहीत आहे, बाळा. पण तूच सांग."

"चालणं," ती म्हणाली. "नुसतं उभं राहून काय करू?"

बेडगच्या कालव्याला लागून सपाट रस्ता आहे. त्या रस्त्यावर ती चालू लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. टोकाला वळताना ती क्षणभर उभी राही, तेवढ्यानं दुसरी फाईलही उघडी राहत होती. गाडीत बसवून आणायची सोय नव्हती. थांबली तर पाच मिनिटांच्या आत पुन्हा निघायला हवं होतं आणि ती जितकं थांबेल तितकं उतरवणं थांबणार होतं. पडद्यावर दोन हिरवे ठिपके आळीपाळीनं उजळत, डावं, उजवं, डावं, उजवं. शेजारी आकडा सरके. एक टक्का. दोन टक्के.

पहिल्या तासात ती बोलत होती. तातोबांची थट्टा करत होती. "तातोबा, तुमच्या जमिनीची मोजणी झाली बघा. दहा वेळा झाली. हद्द कायम."

"तुमी चालत ऱ्हावा बाई," म्हातारा म्हणे. "मी हाय की संगट. बोलू नगासा, दम लागंल."

ऑक्टोबरचं ऊन होतं. माझ्या उपासाचं मला काही वाटत नव्हतं. पण अशा वेळी जे आपोआप ओठांवर येतं, ते नाम त्या दिवशी येईना. सुरू करी आणि दुसऱ्या शब्दाला ठिपक्यांच्या मागे जाई.

एक वाजून गेल्यावर ती म्हणाली, "आई, कोल्हापूरला प्रती असतात ना? तिथून का नाही घेत?"

कागवाडेंनी मान हलवली. मी म्हटलं, "तिथेही दोष आलाय."

"एकदम दोन्हीकडे?"

"हो."

"इतरांचंही गेलंय का?"

"नाही. तुझंच."

 शंभर-दीडशे पावलं गेली. मी कधी खोटं बोलत नाही असा मी समज करून घेतला होता. रोजच्या संकल्पात तसं म्हणतेही. आता एका तासात तीनदा बोलले होते आणि तिन्ही वेळा आवाज जराही कापला नव्हता.

दोनच्या सुमाराला तातोबांनी फोन घेतला. त्यांचा आवाज दबका होता. "बाईसाब, त्यांच्या बुटातनं रगात याय लागलंय. टाच सोलून निघालीया. त्यास्नी कळंना. मी सांगू का नको?"

पदसेतू पाय हलवतो, पायातलं दुखणं वर आणत नाही. तिला फक्त ऊन लागत होतं आणि धाप लागत होती.

"सांगू नका," मी म्हटलं. "पाणी पाजा. चालता चालता."

"तुमी कोन हायसा त्यांच्या?"

"सासू."

म्हातारा म्हणाला, "बरं."

चोपन्न टक्क्यांवर आकडा असताना तिनं विचारलं. बोलताना दर दोन शब्दांनी श्वास घेत होती. "आई. मशीनचा दोष. नसतो हो. एकाच माणसाचा. मी सतरा वर्षांची. असल्यापासून. बघतेय केंद्र. कुणीतरी पुसलंय. कोणी?"

कागवाडे माझ्या खांद्याशी वाकून कुजबुजले, "नंतर. चार वाजल्यानंतर." ते चूक सांगत नव्हते. दोन तास आणखी खोटं बोलले असते, तर तिची पावलं सारखी पडली असती. मला ते कळत होतं. पण लग्नाच्या दिवशीही मी मान हलवली होती आणि नंतर सांगू म्हटलं होतं.

"मी," मी म्हटलं. "आज सकाळी. नंबर बघून. तुझा आहे हे माहीत नव्हतं."

"माझं नाव. चालू होतं की. नूतनीकरण केलंय."

"मैत्रेयीचं केलंय. मैत्रेयीच्या नावाखाली काही नव्हतंच. मी नुसती लिंक केली होती, तुमच्या लक्ष्मीपूजनाच्या वेळी. फाईली इराच्या नावाखालीच होत्या."

पडद्यावर डावा ठिपका उजळला. उजवा उजळला नाही.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मुजावरनं घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन मिनिटं. आकडा चोपन्नवर गोठला होता. कागवाडे फोनवर फोन करत होते, ती उचलत नव्हती. तीन मिनिटं. मला वाटलं, ती खाली बसली. तो तिचा हक्क होता, आणि त्या क्षणी तो हक्क तिनं वापरू नये म्हणून मी जे जे नवस बोलले, ते सगळे मला आता आठवतही नाहीत. चार मिनिटं. मुजावर मोठ्यानं म्हणाला, "चल बाई, चल माझी माय."

चार मिनिटं चाळीस सेकंदांनी उजवा ठिपका उजळला.

ती पुढचे पावणेदोन तास चालली. फोन केला नाही, घेतला नाही. तिची चाल बदलली होती. पावलं लांब आणि जड झाली होती, डावं थोडं घासत होतं. फाईल ते सगळं टिपून घेत होती. चार वाजून आठ मिनिटांनी आकडा शंभरवर गेला. पावणेपाचपर्यंतच्या उरल्या वेळात दुसरी फाईल वीस टक्केही उतरली नसती. मी तातोबांना सांगितलं, झालं, बसवा त्यांना. ते म्हणाले, "बसत न्हाईत. कालव्याकडं तोंड करून हुभ्या हायत." बॅटरी संपेपर्यंत ती उभी होती. मग तातोबांनी आणि त्यांच्या सुनेनं तिला धरून टेंपोत घातलं.

रात्री निषाद हुबळीहून आला. इरा केंद्रातल्या पलंगावर पडून होती, टाचांना बँडेज होतं. मी नव्या डिरेक्टरीसमोर बसले होते. तिला नाव द्यावं लागतं.

"कुठल्या नावानं करू?" मी विचारलं.

ती छताकडे पाहत होती. निषाद म्हणाला, "आई, तांदळात ते नाव मीच लिहिलं होतं. मीही विचारलं नाही तिला."

"इरा चौगुले," ती म्हणाली. "स्पेलिंग माहीत आहे ना?"

मी टाइप केलं. फाईल आत ठेवली. नीट बसली की नाही, दोनदा तपासलं. पट्टा लावला. निषाद आणि मुजावरनं तिला दोन्ही काखांत धरून उभं केलं. ती चालू लागली. पलंगापासून दारापर्यंत ती आपल्या पायांनी चालत गेली. मुजावरच्या डोळ्यांत पाणी आलं. दाराशी ती थांबली आणि थांबल्याबरोबर कोसळली, गुडघे मुडपून, जसा दोरी सोडल्यावर पोहरा विहिरीत जातो तशी. तिचा ओठ फुटला.

एकच फाईल वाचेल हे आम्ही तिला सांगितलं होतं. त्याचा अर्थ काय, हे आमच्यापैकी कुणालाच त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. तिला चालता येतं. उभं राहता येत नाही. उठता येत नाही. गुडघे वाकू न देणाऱ्या कुलपाच्या पट्ट्या लावून पाहिल्या, पण चाल आणि पट्ट्या एकमेकींशी भांडतात. जागच्या जागी पावलं टाकून पाहिलं, ती पुढे झुकून पडली. दोघांनी उचलून तिला चालतं करायचं. आणि तिला थांबायचं असेल त्या क्षणी तिच्या मागे चाकांची खुर्ची हवी.

चौकशी झाली. 'कार्यपद्धतीतील त्रुटी' असं लिहून ती मिटली. मी नोकरी सोडली. आता प्रोग्रॅम बाणांच्या मागे जाऊन पाहतो. त्या सुधारणेचं काम मुजावरनं केलं.

पहिले चार महिने इरा माहेरी होती. तिची आई खुर्ची घेऊन मागे चालायची. एकदा त्यांची पाठ धरली. त्या दिवशी इरा निषादला म्हणाली, "उद्यापासून त्या येऊ देत." त्या म्हणजे मी. तिनं मला पुन्हा आई म्हटलेलं नाही.

रोज संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या मैदानावर मी जाते. माझी पूजा, पोथी सकाळी होते. ती मी सोडलेली नाही, पण त्यात आता काही मागत नाही. कामावरून सुटला की मुजावर येतो. तो एका बाजूनं धरतो, मी दुसऱ्या. ती चालू लागली की मी धावत मागे येऊन खुर्चीच्या मुठी पकडते आणि दोन हातांचं अंतर ठेवून चालत राहते. तिचं डावं पाऊल अजून घासतं. चोपन्न टक्क्यांनंतरची चाल आहे ती. फाईलीत तशीच राहणार.

निषादनं तिला सांगून पाहिलं होतं, थांबायच्या आधी हात वर करत जा, म्हणजे आईला कळेल. तिनं ऐकून घेतलं.

ती हात वर करत नाही. कधी तिसऱ्या फेरीला थांबते, कधी तेराव्या. कधी निघाल्यापासून चौथ्या पावलावर. मागे वळून पाहत नाही, वेग कमी करत नाही, काही बोलत नाही. चालता चालता नुसती थांबते आणि मागे पडते.

मी तिच्या पाठीवरून डोळे काढत नाही.